न पोहोचलेला नकार

आमच्या मराठी विभागात एक सर्व्हर आहे. जुन्या नियतकालिकांची छायांकित पाने त्यावर साठविली आहेत. 2018 च्या पावसाळ्यात महाविद्यालयाची इंटरनेट-जोडणी बदलली आणि थोड्याच दिवसांत दूरच्या अभ्यासकेंद्रातील बाईंचा दूरध्वनी आला. ‘‘सर, यादी दिसते, पान मात्र उघडत नाही.’’ आम्ही विभागातल्या संगणकावर पाहिले, तर पान क्षणात उघडले. तसे त्यांना सांगून आम्ही मोकळे झालो. तीन आठवडे हाच संवाद चालला. चौथ्या आठवड्यात आम्ही दोघा प्राध्यापकांनी त्यांना एक पत्र धाडले. त्यातला ‘अनास्था’ हा शब्द आमचाच.

विभागातल्या तारेवर पान उघडते म्हणून ते सर्वत्र उघडत असणार, हे आमचे अनुमान होते. मधल्या वाटेचा विचार आम्ही केलाच नव्हता. संगणकशास्त्राच्या तरुण सहकाऱ्याने तो करावयास लावला. त्याने बाईंना ‘पिंग’ची आज्ञा द्यावयास सांगितली. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या नादावरून माईक म्यूस यांनी 1983 साली या साधनाला हे नाव दिले. साद घालायची आणि प्रतिसादाची वाट पाहायची, एवढेच त्याचे काम. प्रतिसाद आला. मग वाटेतले राउटर एकेक करून तपासले. तेही सारे जागेवर होते. आमचा संशय उलट बळावला.

सहकारी म्हणाला, ‘‘बाईंच्या संगणकावरचा पिंग अवघ्या 32 बाइटांचा मजकूर नेतो. आता सर्व्हरवरून मोठा पाठवू, आणि वाटेत त्याचे तुकडे करू नयेत असे बजावू.’’ 1464 बाइट गेले, उत्तर आले. 1472 ला शांतता. त्यांवर 28 बाइटांचे शीर्षक चढते. म्हणजे 1492 चे पॅकेट जाते आणि 1500 चे अडते. आमच्या नव्या जोडणीची पीपीपीओई पद्धत नेहमीच्या 1500 मधून 8 बाइट स्वतःसाठी घेते. छोटी यादी म्हणून पोहोचत होती. छायांकित पानांची भरगच्च पॅकेटे मात्र दारातच अडत होती.

खरे तर अशा वेळी राउटर सर्व्हरला उलट निरोप देतो, ‘एवढे मोठे जाणार नाही, लहान करून पाठव.’ तसा तो देतही होता. परंतु सुरक्षिततेच्या नावाखाली पिंगखेरीज त्या जातीचे सारे संदेश फायरवॉलवर आम्हीच बंद करवून घेतले होते. नकार कानी न पडल्याने सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवीत राहिला. एक नियम सैल केला आणि बाईंकडे पान उघडले.

पाठचिकित्सा शिकविताना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत की, अपपाठ दिसला म्हणून मूळ ग्रंथकाराला दोष देऊ नये. प्रती कोणत्या हातांतून गेल्या ते आधी पाहावे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी केली, हे तर आमचे ठरलेले उदाहरण. पण समोर एक सहकारी स्त्री नेमकेपणाने सांगत होती की यादी दिसते, पान दिसत नाही. निदानाचा निम्मा भाग त्या एका वाक्यात होता. आम्ही ते तक्रार म्हणून ऐकले, पुरावा म्हणून ऐकले नाही. सर्व्हरच्या फायरवॉलने जे केले, तेच आम्हीही केले होते.

बाईंना दूरध्वनी करून क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘मुलांच्या प्रकल्पांची मुदत गेल्या शनिवारी संपली, सर.’’

मुदत आम्ही वाढवून घेतली. ते पत्र मात्र केंद्राच्या फाइलीला लागलेले होते. काढून घेण्याची सोय नव्हती. म्हणून दोष कोठे होता आणि कोणाचा होता हे सविस्तर लिहून, दोघांच्या सह्यांनिशी दुसरे पत्र पाठविले आणि पहिल्याच्या वरच ते लावावे अशी विनंती केली.