पाणी अडले कोठे?

नागपुरास समुद्र नाही. बोटीचे इंजिन तापले म्हणून कोणी येथल्या माणसाचा सल्ला विचारावा, हे ऐकून वाचकांस हसू येईल. परंतु आमची सारी हयात कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात कंडेन्सरच्या नळ्यांच्या सहवासात गेली. टर्बाइनमधून निघालेली वाफ तेथे हजारो नळ्यांतून वाहणाऱ्या थंड पाण्याच्या योगे पुन्हा पाणी होते. ते थंड पाणी पेंचचे असो, की नंतरच्या काळात भांडेवाडीस शुद्ध होऊन येऊ लागलेले नागपूरचे सांडपाणी असो. नळीत क्षार वा कचरा बसला की थंडावा घटलाच. वसईच्या बोटीत तरी निराळे काय असते? इंजिनाभोवती गोडे पाणी फिरते, ‘कूलर’मधील नळ्यांपाशी ते आपली उष्णता खाऱ्या पाण्यास देते, आणि खारे पाणी बोटीच्या बगलेतून समुद्रात पडते.

२०२३ च्या मे महिन्यात पाचूबंदराहून आमच्या भाच्याचा फोन आला. “मामा, काटा तांबड्यावर जातो.” १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, हंगामाचे थोडे दिवस उरलेले आणि डिझेल-बर्फाची उधारी डोक्यावर. मिस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला होता. आता हेड उघडावे लागेल, असे त्याचे म्हणणे. हेड उघडणे म्हणजे हंगामावर पाणीच सोडणे.

उभ्या बोटीत तापते का, असे आम्ही विचारले. नाही, पूर्ण वेगात अर्ध्या तासाने तापते. म्हणजे पाणी येते, पण पुरेसे येत नाही. बगलेतली धार कशी आहे?

“पूर्वी मनगटाएवढी होती, आता करंगळीएवढी.”

पाणी ओढून घेण्याच्या वाटेवरील जाळी त्याने उघडली. प्लास्टिकच्या चिंध्या निघाल्या. धार किंचित वाढली, तरी काटा चढायचा तो चढलाच. मग पंपातील रबरी पात्यांचे चाक, म्हणजे इम्पेलर?

“तो मार्चमध्येच नवा घातला, मामा.”

“जुना कसा निघाला होता?”

“दोन पाती तुटलेली.”

“ती पाती सापडली का?”

फोनवर काही वेळ कोणीच बोलले नाही.

त्याच रात्री कूलर खोलतो म्हणाला, त्यास आम्ही निक्षून मना केले. तापलेल्या इंजिनात पाणी दाबाखाली असते; झाकण फिरवताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. अशा वाफेने भाजलेले हात आम्ही पाहिले आहेत. तापल्या लोखंडावर थंड पाणी ओतण्याची घाईही तितकीच वाईट, त्याने हेडला तडा जातो.

सकाळी इंजिन निवाल्यावर कूलरचे तोंड उघडले. नळ्यांच्या मुखांवर रबराचे तुकडे आडवे बसले होते, आणि त्यांच्या आडोशाला शिंपल्यांचा चुरा व क्षार साचून निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. हेडला हात लावावाच लागला नाही. बंदीपूर्वी त्याच्या दोन फेऱ्या झाल्या.

ते तुकडे त्याने डबीत जपून ठेवले आहेत. मिस्त्रीस दाखवायचे म्हणतो. आमच्या बहिणीने ती डबी दोनदा लपवली, असे कानावर आले.