पाण्याला वाट

रत्नागिरीस मृग लागावयास वीस दिवस उरले, म्हणजे घरोघरीं एकच धांदल उडते. कौलें चाळावयाचीं, लाकूडफांटा पडवींत रचावयाचा, पापड-आमसुलें डब्यांत भरावयाचीं. आणि या सर्वांवर आभाळाचा पहारा. अशाच एका वैशाखांत आम्हीं एक निर्णय घेतला व तो चुकला. त्याची हकीकत वाचकांस सांगावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

आमच्या परसामागें डोंगराचा उतार आहे. पावसांत तो खालीं येऊं नये म्हणून जांभ्या चिऱ्यांचा बांध घालावयाचें ठरलें. पुतणीच्या लग्नामुळें काम लांबलें आणि दिवस थोडे उरले. गवंडी म्हणाला, "बांधाच्या पाठीशीं दगडगोटे भरूं, पाणी निघायला भोकें ठेवूं. आठ दिवस जास्ती जातील." आम्हीं पंचांगाकडे पाहिलें आणि नकार दिला. त्याच रात्रीं भात वाढतां वाढतां काकूंनीं विचारलें, "अरे, पाण्याला वाट ठेवलीस ना?" आम्ही म्हणालों, "काकू, आधीं बांध तर उभा राहूं दे!"

जुलैंत तीन दिवस सारखी धार लागली. चौथ्या दिवशीं पहांटे बांध कोसळला तो थेट गोठ्यावर. गाय वांचली, कारण आदल्या संध्याकाळींच काकूंनीं तिला पडवींत आणून बांधलें होतें. त्या आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

आमचा बांध तो काय, तीस हात लांब! परंतु तेव्हांपासून कोंकण रेल्वेच्या कामाकडे आम्ही निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. १९९० च्या जुलैंत या कामासाठीं स्वतंत्र मंडळ स्थापन झालें आणि ई. श्रीधरन यांच्याकडे धुरा आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटरांचा मार्ग. त्यावर लहानमोठे पूल दोन हजारांच्या घरांत, बोगदे नव्वदांहून अधिक. पैसा बहुतांशीं कर्जरोख्यांचा. म्हणजे काम थांबलें तरी व्याज थांबावयाचें नाहीं. वर्षांतले चार महिने पावसाचे. इतकें दडपण डोक्यावर असतां निर्णय कसे घ्यावे?

श्रीधरन यांनीं सात विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि जागेवरचे अधिकार जागेवरच दिले. एका रत्नागिरीच्या वांट्यास उत्तर व दक्षिण असे दोन विभाग आले. ज्याच्यासमोर डोंगर उभा आहे, त्यानें लांबच्या कचेरींतील उत्तराची वाट पाहत बसूं नये, हें यामागचें धोरण. त्याचीं फळें आम्हां रत्नागिरीकरांस घराजवळच दिसतात. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. पानवल नदीवरचा पूल तर ६४ मीटर उंच. इतक्या खोल दरींत आधारासाठीं परांच्या उभारीत बसण्याऐवजीं पुलाचा माथा एका टोकाशीं भाग जोडीत तयार करीत गेले आणि तो खांबांवरून यंत्रानें पुढें ढकलीत नेला. ही पद्धत आपल्या देशांत तेव्हां नवी होती.

परंतु गोव्यांतील पेडण्याचा बोगदा कोणाच्या तारखा जुमानीना. लांबी अवघी दीड किलोमीटर. पण आंत पाण्यानें भिजलेली चिकणमाती. खणावें आणि वरची माती खालीं यावी, असें वर्षानुवर्षें चाललें. पांच वर्षांत पुरें करूं म्हटलेलें काम साडेसात वर्षांनीं संपलें, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्ग खुला झाला. या बांधणींत ज्या कामगारांचे प्राण गेले, त्यांचें श्रमशक्ति स्मारक रत्नागिरीच्या स्टेशनाजवळ आहे. गाडी पकडण्याच्या घाईंत आपण त्यावरून किती वेळां तसेच पुढें जातों!

पुढें डोंगरानें आणखी हिशेब मागितला. २२ जून २००३ च्या रात्रीं वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली व सुमारें पन्नास माणसें गेलीं; दुसऱ्याच वर्षीं, १६ जून २००४ रोजीं, आंबवलीच्या पुलापाशीं तसाच घात झाला. त्यानंतर उभे कापलेले उतार सैल करणें, दगडांवर जाळ्या बसविणें, पावसाळ्यांत गाड्यांचा वेग उतरविणें, हे उपाय जोरानें झाले. तरीही जुलै २०२४ मध्यें पेडण्याच्या बोगद्यांत पाणी भरलेंच आणि वाहतूक थांबली.

हें सांगतांना कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यास तीस हातांचा बांध धड घालतां आला नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या बोगद्यास नांवें ठेवूं नयेत. शिवाय जलद निर्णय घेतले नसते, तर ही रेल्वे आजही कागदावरच असती. आम्हांस एवढेंच उमगलें कीं, कांहीं निर्णय चुकले तर दुसऱ्या दिवशीं फिरवितां येतात. तेथें घाई शोभते. कांहींचें उत्तर मात्र माती आणि पाणी सावकाश, एखाद्या पावसाळ्यांत देतात. तेथें कुदळ धरणाऱ्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, मग तारीख गेली तरी चालेल. आमच्यापाशीं ज्ञान कमी नव्हतें. गवंड्यानें सांगितलें होतें, काकूंनीं विचारलें होतें. दडपणाखालीं आमच्या हातून घडलें तें हेंच: ज्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक होतें, तोच आम्हीं पुढें ढकलला.

एकत्र कुटुंबांतल्या कर्त्यासही असे प्रसंग वरचेवर येतात. कर्ज, लग्न, घराची वांटणी. प्रत्येक ठिकाणीं मुहूर्त डोक्यावर, आणि स्वयंपाकघरांतून आलेला प्रश्न मात्र नेहमीं उद्यांवर.

दिवाळीनंतर आम्हीं त्याच गवंड्यास बोलावलें आणि पहिला चिरा बसण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घेतलें. काम पुरें झालें तेव्हां काकू काठी टेकीत परसांत आल्या, बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि भोकें मोजून म्हणाल्या, "बावीस आहेत. पुरेत हो!"