गळलेला सूर

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळात माझ्या आजोबांचे घड्याळदुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. शाळा सुटली, की मी तेथे जाऊन बसत असे.

एकदा एक वृद्ध बाई कापडात गुंडाळलेली लाकडी पेटी घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "वडिलांनी दिलेली आहे. ते गेले आणि हीही बंद पडली. जपून दुरुस्त करा."

ती संगीतपेटी होती. आजोबांनी तिला नवी स्प्रिंग बसवली. चावी देताच आतले पितळी नळकांडे हळूहळू फिरू लागले. त्यावर शेकडो बारीक खिळे होते. ते पोलादी फणीचे दात उचलून सोडत. दात थरथरला, की सूर निघे. लांब दाताचा सूर खालचा, आखूड दाताचा वरचा. पेटीवरची बाहुली त्याबरोबर गिरक्या घेई.

"आजोबा, हे कोणी शोधून काढले?" मी विचारले.

"ही कल्पना फार जुनी आहे, बेटा. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपोआप वाजणाऱ्या बासरीची रचना लिहून ठेवली. अल-जझरी या कारागिराच्या १२०६ सालच्या ग्रंथात तर पाण्यावर तरंगणारी नाव आहे. तिच्यात चार वादकांच्या बाहुल्या. फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या त्यांचे हात हलवीत. आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. त्याच्या घंटा एके काळी सोळा धुना वाजवीत."

दुसऱ्या दिवशी आजोबा बाहेर गेले असताना मी पेटी उघडली. एक दात चिमट्याने उचलून पाहिला. कट् असा आवाज झाला आणि दात मोडून हातात आला! मी घाईघाईने झाकण लावले.

संध्याकाळी आजोबांनी पेटी वाजवली. धून मध्येच अडखळली. "एक सूर गळला," एवढेच ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी रडतरडत सर्व सांगितले.

आजोबा शांतपणे म्हणाले, "मला कालच कळले होते. यंत्राचा दात मोडला, तर ते तेवढी जागा रिकामी ठेवून पुढे जाते. काही झालेच नाही, असे सोंग ते करीत नाही. सोंग करतो तो माणूस. आता बाईंनाही तूच सांग."

चार दिवस मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी पोलादाचा नवा दात घडवला आणि डाख लावून बसवला. मग कानशीने सूर जुळवला. टोकाकडे घासले, की सूर चढे. मुळाशी घासले, की उतरे. आजोबा एकदा घासत आणि दहादा ऐकत.

बाई आल्या, तेव्हा मी मान खाली घालून चूक सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी पूर्ण धून ऐकली. मग हळूच म्हणाल्या, "बाळ, पुन्हा एकदा चावी दे."

आजोबांनी फक्त स्प्रिंगचे पैसे घेतले.

आज आजोबा नाहीत, ते दुकानही नाही. पण बोलताना एखादी खरी गोष्ट गाळावीशी वाटली, की मला ती अडखळलेली धून ऐकू येते.