छायाचित्रांत नसलेलीं माणसें

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ आहे. बखरकार पक्षपात करील, कवि अतिशयोक्ति करील. परंतु भिंगासमोर जें आलें तेंच कागदावर उमटतें, असें आपण धरून चालतों. पस्तीस वर्षांच्या शिक्षकींतला माझा अनुभव असा कीं, मुलें पुस्तकांतील मजकूर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरतात, पण चित्र जन्मभर विसरत नाहींत. म्हणूनच पुस्तकांत कोणतें चित्र जातें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे तें अशाच एका चित्राविषयीं. १० मे १८६९ रोजीं अमेरिकेंतील युटा प्रांतांत, प्रॉमंटरी समिट नांवाच्या उजाड जागीं, पूर्वेकडून आलेल्या युनियन पॅसिफिकचे आणि पश्चिमेकडून आलेल्या सेंट्रल पॅसिफिकचे रूळ एकमेकांस जोडले गेले. सोन्याच्या खिळ्याचा समारंभ झाला. अँड्र्यू रसेल ह्या छायाचित्रकारानें दोन एंजिनें समोरासमोर उभीं असतां जमलेला घोळका टिपला. मधोमध दोन मुख्य एंजिनियर हस्तांदोलन करीत आहेत आणि एंजिनांवर चढलेले लोक दारूच्या बाटल्या पुढें करीत आहेत. हें चित्र पुढें जगभर गेलें. त्यांत चिनी चेहरा दिसत नाहीं. एखादा पाठमोरा मनुष्य चिनी असावा असें कांहीं अभ्यासक म्हणतात. पण पाठ ती पाठच. त्याच दिवशीं शेवटचा रूळ बसविणाऱ्या चिनी कामगारांचें एक चित्र रसेलनेंच घेतलें होतें. तें मात्र पहिल्याइतकें प्रसिद्धीस आलें नाहीं.

वास्तविक सेंट्रल पॅसिफिक बांधली ती मुख्यतः ह्याच लोकांनीं. कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो येथें १८६३ च्या जानेवारींत कामाचा आरंभ झाला. गोरे मजूर कामावर येत आणि कोठें चांदीची खाण सांपडल्याची वार्ता कानीं पडली कीं निघून जात. तेव्हां १८६४ पासून थोडे आणि १८६५ पासून पुष्कळ चिनी मजूर घेतले गेले. एकंदर आंकडा दहा ते पंधरा हजार किंवा त्याहूनहि अधिक धरतात. बहुतेक सर्व दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतांतले. त्यांतहि ‘चार तालुके’ ह्या अर्थाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका लहानशा मुलखांतले. दुष्काळ, बंडाळी आणि कर्ज ह्यांनीं गांजलेल्या कुटुंबांनीं एकेक मुलगा समुद्रापार धाडला आणि त्याच्या पैशाची वाट पाहिली. आपल्या कोंकणांतील घरांना ही वाट पाहणें कांहीं अपरिचित नाहीं.

सिएरा नेव्हाडा पर्वतांत सुमारें सात हजार फूट उंचीवर त्यांनीं जो बोगदा खोदला तो १,६५९ फूट लांब आहे. खडक सारा काळ्या पाषाणासारखा कठीण ग्रॅनाइट. दोन बाजूंनीं खोदून भागेना, म्हणून वरून मध्यावर एक विहीर उतरवून तिच्या तळापासून दोन्ही दिशांना आणखी दोन तोंडें फोडलीं. एकानें पहार धरावयाची, दोघांनीं आळीपाळीनें घण घालावयाचे, भोंकांत सुरुंगाची दारू ठांसावयाची; इतकें करून एका तोंडाला दिवसाकाठीं फूट-दीड फूट वाट पुढें सरके. १८६६-६७ च्या हिंवाळ्यांत बर्फ एवढें पडलें कीं, मजूर बर्फाखालीं केलेल्या भुयारांतून कामावर जात. कड्यावरून बर्फ कोसळून तळचे तळ गाडले गेले आणि कांहीं प्रेतें वसंतांत बर्फ वितळल्यावर सांपडलीं.

गृहिणींना सांगण्याजोगी एक गोष्ट. ह्या लोकांच्या दर टोळीचा आपला आचारी असे. भात, सुके मासे, भाज्या असा त्यांचा आहार. आणि पाणी ते उकळून, चहा करून पीत. कामाच्या जागीं खांद्यावरील कावडीनें चहाचीं पिंपें पोंचविलीं जात. ओढ्याचें कच्चें पाणी पिणारे इतर मजूर पोटाच्या विकारांनीं आडवे पडत, हे उभे राहत. वेतन मात्र गोऱ्या मजुरास महिना तीस-पस्तीस डॉलर आणि वर जेवण-राहणें. चिनी मजुरास तितकेंच किंवा कमी, आणि जेवण ज्याचें त्यानें पाहावयाचें. जून १८६७ मध्यें हजारों चिनी कामगारांनीं चाळीस डॉलर वेतन आणि बोगद्यांतले तास कमी करावे म्हणून काम थांबविलें. दंगा नाहीं, आरडाओरड नाहीं. सारे आपापल्या तळावर बसून राहिले. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरनें धान्याचा पुरवठा तोडला, आणि आठवड्याभरांत लोक कामावर परतले.

ह्यांचीं नांवें काय होतीं? २८ एप्रिल १८६९ रोजीं एका दिवसांत दहा मैल रूळ घालण्याचा विक्रम झाला. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांचीं नांवें आजहि वाचावयास मिळतात. त्या दिवशीं राबलेल्या शेंकडों चिन्यांपैकीं एकाचेंहि नांव त्या यादींत नाहीं. पगाराच्या वह्यांत बहुधा टोळीच्या मुकादमाचेंच नांव लिहीत, आणि तेंहि ‘आ’ अमुक अशा रूपांत. हें ‘आ’ म्हणजे घरांतल्या माणसानें सलगीनें हांक मारतांना लावलेलें उपपद. आपल्या घरांतील कर्त्या पुरुषांची नोंद कोणीं ‘बाळ्या’ आणि ‘बंड्या’ अशी करून ठेवावी, तशांतलाच हा प्रकार! त्यांपैकीं कोणाचें एक पत्र किंवा रोजनिशीचें एक पान अभ्यासकांच्या हातीं लागलेलें नाहीं. राहिल्या त्या अस्थि. १८७० सालीं सुमारें वीस हजार पौंड अस्थि, म्हणजे अदमासें बाराशें माणसांच्या, स्वदेशीं पाठविण्यासाठीं आगगाडीनें सॅक्रामेंटोवरून नेल्याचें तेथील वृत्तपत्रानें छापलें. ज्या रुळांवर मेले त्याच रुळांवरून परत निघाले.

पुढें १८८२ मध्यें चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी करणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत टिकला. आणि १९६९ मध्यें, शताब्दीच्या समारंभांत, चिनी लोकांच्या ऐतिहासिक मंडळाच्या प्रतिनिधींस बोलावयास वेळच मिळाला नाहीं. उलट अमेरिकन सरकारचे वाहतूक-मंत्री जॉन व्होल्पे भाषणांत विचारते झाले कीं, असले बोगदे अमेरिकनांवांचून दुसऱ्या कोणाला खोदतां आले असते? जे खोदणारे होते त्यांना अमेरिकन होण्याचा अधिकारच कायद्यानें नाकारला होता, हें मंत्रिमहाशयांस कोणीं सांगितलें नसावें.

अशा स्थितींत न्यूयॉर्कच्या एका धोब्याच्या मुलानें जें केलें तें मला फार मोलाचें वाटतें. कॉर्की ली हे १९४७ सालीं जन्मले. शाळेंतल्या पुस्तकांत त्यांनीं रसेलचें तें चित्र पाहिलें, भिंग घेऊन चेहरे न्याहाळले, आणि आपल्यासारखा एकहि सांपडेना. (असा विद्यार्थी वर्गांत असणें हें शिक्षकाचें भाग्य, आणि थोडी अडचणहि.) मोठेपणीं ते छायाचित्रकार झाले. १० मे २०१४ रोजीं त्यांनीं चिनी वंशाच्या स्त्रीपुरुषांना, त्यांत त्या कामगारांचे कांहीं वंशजहि होते, प्रॉमंटरी येथें जमविलें. तेथें जुन्या एंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृति आहेत. त्यांच्यापुढें ह्या सर्वांना उभें करून त्यांनीं तेंच चित्र नव्यानें घेतलें. ह्याला ते छायाचित्रानें मिळविलेला न्याय म्हणत. २०२१ च्या जानेवारींत करोनाच्या सांथींत ते वारले.

माझे धाकटे बंधु ह्यांचा चिरंजीव सॅक्रामेंटोस नोकरीस आहे. दोन्ही चित्रांच्या प्रती त्यानें पाठविल्या, तेव्हां रात्रीच्या जेवणानंतर आमच्या ओसरीवर चांगलाच वाद झाला. आमचे थोरले बंधु अण्णा म्हणाले, “अरे, ज्यांचें नांव-गोत्र ठाऊक नाहीं त्यांचें स्मारक तें कसलें? आणि दीडशें वर्षांनीं दुसऱ्याच माणसांनीं त्या जागीं उभें राहिल्यानें मेलेल्याला काय पोंचलें?”

मी म्हणालों, “अण्णा, सर्वपित्रीला आपण बसतां तेव्हां ज्यांचें मागें कोणीहि उरलें नाहीं, अशांच्या नांवेंहि पाणी सोडतांच ना? तेथें कोठें नांव-गोत्र विचारतां?”

“पाणी सोडणें वेगळें आणि फोटोंत मिरविणें वेगळें,” असें म्हणून अण्णांनीं पानाचा डबा पुढें ओढला.

अण्णांचें म्हणणें मी टाकून देत नाहीं. परंतु मला असें वाटतें कीं, तर्पणाचें पाणी एकांतांत सोडलें तरी चालतें, कारण मृत्यु हा ज्याचा त्याचा असतो. अवहेलना मात्र चारचौघांत झालेली असते, आणि ती चारचौघांतच भरून काढावी लागते. ती पुतळा उभारून निघेलच असें नाहीं. कॅनडांतहि १८८१ ते १८८५ मध्यें हजारों चिनी लोकांनीं रेल्वे बांधली. त्यांच्यासाठीं टोरांटो शहरीं १९८९ मध्यें उंच लांकडी पुलाचा सांगाडा आणि त्यावर दोन मजूर असें शिल्प उभें केलें आहे. तें चांगलें आहे; पण पाहणारा पाहून निघून जातो. झी लिन ह्या चित्रकारानें निराळी युक्ति केली. प्रॉमंटरीच्या समारंभाचें दृश्य त्यानें मागच्या बाजूनें, म्हणजे ज्यांना पुढें येऊं दिलें नाहीं त्यांच्या जागेवरून, दाखविलें. आणि समोर जमिनीवर रुळांखालच्या खडीसारखे दगड पसरून त्यांवर सांपडतील तीं कामगारांचीं नांवें लिहिलीं. लीच्या चित्रांत तर पाहणाराच चित्रांत जाऊन उभा राहतो. आजी, नातू, लेकुरवाळ्या सुना असे सगळे. मला हाच प्रकार अधिक पटतो, कारण त्या कामगारांना जें मिळालें नाहीं तें कुटुंबच होतें.

आपल्याकडे बोरघाटाचा चढ १८६३ मध्यें, म्हणजे सॅक्रामेंटोस काम सुरू झालें त्याच वर्षीं, आगगाडीला खुला झाला. एका वेळीं चाळीस हजारांवर माणसें त्या डोंगरांत राबत होतीं. मुख्य एंजिनियर बर्कले साहेबांचें नांव आपल्याला माहीत आहे. पुण्याहून मुंबईस जातांना खिडकींतून धबधबे दाखवितांना मुलांना आणखी कोणाचें नांव सांगावें, हा प्रश्न अण्णांनाहि सुटला नाहीं.

सिएराच्या त्या बोगद्यांतून आतां गाडी जात नाहीं. १९९३ मध्यें रूळ काढून घेतले, आणि लोक तेथें पायीं हिंडतात. तरुण मंडळी भिंतींवर रंगांच्या फवाऱ्यानें स्वतःचीं नांवें आणि चित्रें काढतात; २०२१ मध्यें त्या देशांतील धोक्यांत आलेल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादींत त्या जागेचें नांव आलें. पुतण्या एका रविवारीं तेथें जाऊन आला. त्यानें लिहिलें आहे कीं, रंग पुष्कळ चढला आहे, पण भिंतीवरून हात फिरविला कीं पहारीच्या खांचा बोटांना लागतात.