समुद्राकडे पाठ

अष्टागरातल्या जुन्या घरांना समुद्र दिसत नाही. नागाव घ्या, आक्षी घ्या, चौल घ्या. रस्त्याकडे तोंड करून घर, पुढे अंगण, मागे परस, त्यामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला केवडा, मग सुरूची रांग आणि त्याही पलीकडे समुद्र. रात्री अंथरुणाला पाठ लागली की गाज ऐकू येते. दिवसा कामाच्या रगाड्यात तीही कानांवर पडत नाही.

माझं आजोळ नागावचं. समुद्र बघायला किती वेळा गेलीस, असं आजीला कुणी विचारलं असतं तर ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली असती. पोफळींना पाणी लावायचं, सुपाऱ्या वाळत घालायच्या, पडलेला नारळ कुणी उचलायच्या आत आपण उचलायचा, गोठा बघायचा. यातून उठून वाळूत नुसतं जाऊन उभं राहायचं तर त्याला काही कारण नको का?

समुद्राकडे अशी पाठ फिरवण्यात शहाणपण होतं. खारा वारा बिजागऱ्या खातो, भिंतींचे पोपडे काढतो. केंद्र सरकारनं १९९१ साली किनारपट्टीच्या बांधकामांबाबत अधिसूचना काढली आणि ग्रामीण भागातल्या मोकळ्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नको असं ठरवलं. पुढे त्या नियमांना फाटे फुटले. जुन्या लोकांनी कुणी न सांगताच तेवढं अंतर राखलं होतं आणि ते अंतर मोकळंही सोडलं नव्हतं, त्यात वाडी उभी केली होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा त्या वाड्याच आडव्या झाल्या. पोफळ धरती व्हायला सहा-सात वर्षं तरी लागतात. ज्यांच्या घरात आता झाडावर चढणारं कुणी उरलेलं नाही, त्यांनी पुन्हा लावणी करायची की जमीन विकायची हा हिशोब फार वेळ चालला नाही. आमच्या आजोळची वाडीही तशीच गेली.

तर अशा किनाऱ्यावर, अशाच कुणाच्या तरी वाडीच्या जागेवर उभ्या असलेल्या आलिशान बंगल्यात आम्ही जानेवारीत सहकुटुंब राहायला गेलो. आई, भाऊ-वहिनी, आम्ही दोघं आणि मुलं. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोत चढलो, तासाभरात मांडवा. ही बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि मुंबईकरांना अलिबाग एकदम हाकेच्या अंतरावर आलं. त्याच धक्क्यावरून आई लहानपणी रेवसच्या लाँचमध्ये बसायची, वांत्या करत उतरायची आणि पुढे एसटीनं नागाव गाठायची. आता वातानुकूलित दालनात चहाचा कप धरून तिनं विचारलं, "हलत कशी नाही ही?" आवाजात किंचित तक्रार होती.

बंगल्याची समुद्राकडची सबंध बाजू काचेची. दिवाणखान्यातून समुद्र, जेवणाच्या टेबलावरून समुद्र, न्हाणीघरातल्या टबात पडूनही समुद्र. मधल्या जागेत हिरवळ, आणि पोहण्याचा तलाव असा बांधलेला की त्याचं पाणी थेट समुद्रात सांडतंय असं वाटावं. आईनं सगळं घर फिरून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मागचं दार कुठंय?" मागचं दार होतं. ते रस्त्याकडे उघडत होतं आणि तिथून भाजी, गॅसचा सिलिंडर आणि कामाची माणसं आत येत होती. आजोळच्या घराला गरकन फिरवून ठेवावं, तसा तो बंगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं उठली आणि ओरडली. समुद्र नव्हता. जाहिरातीतल्या फोटोत हिरवळीशी आलेलं पाणी पार दूर गेलेलं आणि मधे करड्या, ओल्या वाळूचा मोठाच्या मोठा पट्टा. चकाकणाऱ्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी. धाकट्यानं तर पैसे परत मिळतील का, असंही विचारलं. आई चहा ओतत म्हणाली, "आज चतुर्थी ना? तीनला येईल." तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चार तिथीचे तीन वाजले, आठाचे सहा. दोन दिवसांत मुलांना हे गणित तोंडपाठ झालं. मोबाइलवरचं वेळापत्रक आणि आईची तिथी यांत फरक किती पडतो, यावर त्यांच्या पैजा लागू लागल्या. जिला समुद्र बघायला वेळ नव्हता, त्या आजीकडूनच आईकडे हे आलेलं. पाणी कधी चढणार हे कळायला तिला ते बघावं लागत नव्हतं.

नुसतं बघत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं म्हणून मात्र मला सुटता येत नाही. याच किनाऱ्यावर, किहीमला, १९३० साली नोकरी नसलेला एक तरुण येऊन राहिला होता. हाताशी वेळच वेळ होता, तेव्हा तो सुगरणीची घरटी न्याहाळत बसला. घरटं नर विणतो, अर्धवट विणलेलं असतानाच मादी ते पाहून पसंत करते, आणि ती आत गेली की नर दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्यानं दिवसचे दिवस बसून टिपून काढलं. त्याचं नाव सालिम अली. रिकामा वेळ मिळाला म्हणून त्याला दिसलं, आणि जे दिसलं ते समुद्रात नव्हतं, काठावरच्या झाडांत होतं.

आमच्यापैकी सालिम अली कुणी नव्हतं. आम्ही काचेतून समुद्राचे फोटो काढले, तलावात डुंबलो, एकमेकांवर खेकसलो, मग पत्ते काढले. संध्याकाळी बार्बेक्यूची शेगडी पेटवायची तयारी चालली होती, तेवढ्यात बंगला सांभाळणाऱ्या दादांच्या बायकोनं आईला हळूच विचारलं, "पोपटी लावू का?" मग त्या परदेशी शेगडीकडे कुणी फिरकलं नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, मसाला चोळलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला ठासून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मागच्या दाराबाहेर मडकं उपडं घातलं, भोवती काटक्या आणि पेंढा रचून पेटवला. बऱ्याच वेळानं दादांच्या बायकोनं मडक्यावर पाणी शिंपडलं, थेंब चर्रकन उडाला. झाली पोपटी. पाला बाजूला सारला तसा भांबुर्डीचा उग्र वास शेंगांच्या वाफेत मिसळून नाकात भरला. आम्ही जमिनीवर गोल करून बसलो आणि बोटं भाजत शेंगा सोलू लागलो. चार खोल्यांमधून दिसणाऱ्या समुद्राचे पैसे आम्ही भरले होते आणि बसलो होतो रस्त्याच्या बाजूला.

शेवटच्या दिवशी मात्र आईनं मला चकवलं. हा सगळा थाट तिला आवडलेला नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो. पाहतो तर सकाळची आंघोळ उरकून ती वरच्या मजल्यावरच्या गच्चीत आरामखुर्चीवर बसलेली. हातात जपमाळ नाही, निवडायला भाजी नाही. नाश्त्याला बोलावलं तर उठेना. शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आईला एकदा असं बसवायला हवं होतं रे." मग लगेच, "बसली नसती म्हणा. पण बसवायला हवं होतं."

परतताना मांडव्याला बोटीच्या रांगेत गाड्या खोळंबल्या होत्या. भावानं मागे वळून विचारलं, "आपणच इकडे एखादी जागा घेऊ या का? छोटंसं घर बांधू."

"बांधा," आई म्हणाली. "फक्त स्वयंपाकघर रस्त्याकडे ठेवा, वाडी पुन्हा लावा, आणि एक खुर्ची तेवढी समुद्राकडे."

वाडी कोण शिंपणार, यावर दोघांचा वाद सुरू झाला तो बोट सुटेपर्यंत चालला.