विहिरीवरच्या सातजणी

कळंबच्या बाजूला आमच्या रानात जुनी विहीर आहे. तिच्या थारोळ्यामागं सात दगड ओळीनं मांडलेले आहेत. रानातलेच काळे दगड, वीतभर उंचीचे. नाक, डोळे, हात काही कोरलेलं नाही. शेंदराचे थर इतके चढलेत, की आत मूळ दगड किती उरला असेल सांगता येत नाही. पावसाळ्यात एखादा पापुद्रा सुटतो आणि खालचा विटकरी झालेला जुना शेंदूर उघडा पडतो. डावीकडून तिसरी जरा मागं कललेली, शेवटची सगळ्यांत बुटकी. थोडं अंतर राखून म्हसोबा. या साती आसरा, आणि तो त्यांचा राखणदार.

मला पऱ्यांचं वेड लहानपणापासून आहे आणि वय वाढलं तसं ते वाढतच गेलं. चांदोबातल्या यक्षिणी, ग्रीकांच्या झऱ्यांवरच्या कन्या, आयर्लंडमधल्या टेकड्यांखाली राहणारे लोक, उत्तरेकडचे एल्फ, जे हाती लागलं ते वाचलं. जितकं जुनं वाचत गेले तितक्या त्या सगळ्या आमच्या विहिरीच्या जवळ येत गेल्या. हाती जादूची कांडी घेऊन इच्छा पुऱ्या करणारी पंखवाली चिमुकली परी फार अलीकडची. तिचे पंख नंतरच्या चित्रकारांचे. जुन्या परीला माणसं भीत असत. तिच्या वाटेत घर बांधत नसत आणि तिच्याबद्दल बोलताना आवाज जपत. साती आसरा या जुन्या घराण्यातल्या आहेत, असं मी ठामपणे म्हणते.

त्यांचा स्वभाव सांगायचा तर आधी त्यांची आवड सांगावी लागेल. हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू, खण, फणी, आरसा, गजरा. दहीभात चालतो, लिंबू-नारळ चालतो. सातजणींचं सगळं सारखं हवं; एकीला बांगडी घातली आणि दुसरीची राहिली तर खपत नाही. भर दुपारची वेळ त्यांची. त्या वेळी केस मोकळे सोडून विहिरीवर जायचं नाही, ओल्या बाळंतिणीनं तर नाहीच. बाळंतीण घराबाहेर पडू लागली की पाण्याची पूजा करते, आणि मगच घागर भरते. पाण्यावर आपल्याआधी कुणाचा तरी हक्क आहे, हे कबूल करून मग पाणी घ्यायचं. देव्हाऱ्यातल्या देवीशी आपण मागण्याच्या नात्यानं बोलतो. आसरांशी नातं शेजाराचं आहे, आणि शेजार मानी आहे.

रागावल्या तर त्या धरतात. पोरगी गप्प होते, जेवत नाही, अंगात कणकण राहते, मग म्हातारी म्हणते, आसरा लागली. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकातल्या एका वैद्यकाच्या पोथीत पाण्यातल्या एल्फमुळं होणाऱ्या आजारावर वनस्पतींचा उपचार आणि मंत्र दिला आहे. तिथल्या ओलसर कुरणात आणि आमच्या कोरड्या बालाघाटात माणसाला पाण्याची भीती एकाच रूपात भेटली, याचं मला आजही नवल वाटतं. पोरीला तापात दवाखान्यात न्यायचंच. आमच्या घरी तेही होतं आणि ओटीही भरली जाते.

या भीतीच्या तळाशी एक दुःख आहे. ज्या विहिरींवर बायका पाणी भरायच्या, त्याच विहिरींत कितीतरी सुना गेल्या. पाण्यात गेलेली बाई आसरा होते, असं कुठंकुठं मानतात. घरात जिला कुणी बरोबरीनं वागवलं नाही, ती मेल्यावर सातजणींत बसते आणि तिच्या हातात बांगडी भरावी लागते. परीकथेत इतकं खरं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

सातजणींना नावंही आहेत: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर यातच आल्या. गावात ही नावं कुणी घेत नाही, गावासाठी त्या नुसत्या आसरा, नेहमी मिळून, कधी एकटी नाही. दामोदर कोसंबींनी मावळात पायी हिंडून अशाच पाण्याच्या देवींची, मावलायांची, नोंद केली; 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे त्यांचं पुस्तक १९६२चं. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांवरच्या १९९५च्या ग्रंथात आसरांना मोठी जागा दिली. आणि त्यांच्या फार आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, उर्वशी पुरूरव्याला सोडून जाते. शतपथ ब्राह्मणात तो तिला शोधत तळ्याकाठी येतो, तेव्हा अप्सरा पाणपक्षी होऊन पोहत असतात. अट मोडली की परी निघून जाते, ही गोष्ट युरोपात मेल्युझिनच्या नावानं सांगितली गेली ती चौदाव्या शतकाच्या अखेरीस. आपल्याकडं ती तीन हजार वर्षं जुनी आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

वेळ अमावस्येला अख्खा धाराशिव जिल्हा रानात असतो. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. ज्वारी तेव्हा कमरेच्या वर गेलेली. आंबील पिकावर शिंपडून झाली की आमच्याकडं एक वाटा विहिरीवर जातो. पुण्याहून आलेली भाची एल्फांच्या जाडजूड कादंबऱ्या वाचते. तिनं माझ्या काकूंना विचारलं, "आजी, यांना पंख का नाहीत?"

"पाण्यात ऱ्हानारीला पंख कशाला गं?" काकू म्हणाल्या आणि सातव्या दगडापुढं भज्जी ठेवली. भाचीनं तो प्रश्न पुन्हा काढला नाही. जाताना स्वतःच्या केसांतली क्लिप तिथं ठेवून गेली.

पाणी मात्र आता राहत नाही. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी मोठ्यांकडून ऐकल्या; २०१६च्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ स्वतः पाहिला. शिवारभर बोअर झाले. सहा इंचांच्या लोखंडी पाइपाला ना काठ, ना थारोळं, ना पायऱ्या. सातजणींनी बसायचं कुठं? १९९३च्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्याकडची गावंच्या गावं नव्या जागी गेली. माणसं हलवता येतात, घरं नव्यानं बांधता येतात. पण आसरा पाण्याच्या आहेत, गावाच्या नाहीत.

आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात १९९९ साली एक काटेरी झुडूप पऱ्यांचं म्हणून वाचवण्यासाठी कथेकरी एडी लेनिहन उभे राहिले आणि झुडूप राहिलं. आइसलंडच्या कोपावोगुर गावात एल्फांच्या टेकाडापाशी रस्ता अरुंद होतो. त्या देशांना कुणी मागासलेलं म्हणत नाही.

आमच्या चुलतभावाला विहीर बुजवून तेवढी जमीन काढायची आहे. त्याचा हिशेब चुकीचा नाही. विहीर पावसाळा सोडला तर कोरडी असते आणि ढासळतेही. काकूंनी एवढंच विचारलं, "बुजव की. पन त्यांना कुठं न्यायचं ते आधी सांग." त्यानं शेततळ्याचं नाव घेतलं. काकू म्हणाल्या, प्लास्टिकच्या कागदावरचं पाणी त्यांना चालंल का, ते गुरवाला विचारून ये. तो अजून गेलेला नाही, आणि जेसीबीवाल्याला द्यायचे पैसे या वर्षी ठिबकच्या नळ्यांत गेले.