सेल्फ जुना चालेल, ब्रेक नको

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं; पण गाडी थांबली नाही. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे ती आजही घरच्या घरी दुरुस्त करून चालवता येते. अशा गाडीला नव्या डुप्लिकेटपेक्षा भंगारातला ओरिजिनल पार्ट बरा, असं माझं ठाम मत आहे. मात्र कोणता पार्ट, यातच सगळी मेख आहे. सेल्फच घ्या. तो उघडला की कार्बन किती झिजलेत, आर्मेचरच्या तांब्यावर चर पडलाय का, बुशमध्ये शाफ्ट हलतोय का, सगळं डोळ्यांना दिसतं. कार्बन आणि बुश नवे टाकले, तांबं बारीक पॉलिश पेपरने साफ केलं, की कंपनीचं मूळ वाइंडिंग पुन्हा कामाला लागतं. डुप्लिकेटचं वाइंडिंग कसं आहे, ते खोक्यावरून कळत नाही. दरवाजाचंही तसंच: मूळ दरवाजा वाकलेला नसेल तर बिजागरीवर नेमका बसतो. वायरिंगचा सॉकेट मात्र वीतभर वायरसकट कापून आणावा, म्हणजे जोड द्यायला जागा राहते.

हा जिवाशी खेळ आहे, असं म्हणणाऱ्यांचं मला अर्धं पटतं. तळोद्याहून धडगावला जाताना चांदशैली घाट लागतो. त्या उतारावर मास्टर सिलिंडरचं रबर, ब्रेकचा होज, टाय रॉड एंड यांची परीक्षा होते, आणि रबर तर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं. त्याचं वय बाहेरून कळत नाही. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग, सीट बेल्ट आणि टायमिंग बेल्ट यांत जुनं काहीच नको, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. चोरीच्या मालाची शंकाही रास्त आहे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तेव्हा बिल मागावं, आणि विकणारा बिलाला नाही म्हणाला तर परत फिरावं.

राहिला मुद्दा प्रदूषणाचा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, ते अशा गाड्या कमी व्हाव्यात म्हणूनच. ट्यूनिंग करूनही जी पीयूसीत बसत नाही, ती गाडी मोडीत काढावी, याबद्दल माझं दुमत नाही. फक्त ती दाबून वितळवण्याआधी तिचा सेल्फ, दारं आणि काचा नीट उतरवून घ्याव्यात.